मस्टायटीसला अँटिबायोटिकऐवजी काय देऊ? सिन्नरच्या दूधवाल्या भावाला सविस्तर उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. सिन्नरजवळ तुमच्या चौदा एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गाई, त्यातल्या बारा दुधात, दर महिन्याला दोन-तीन गाईंना मस्टायटीस (जंतूंमुळे कासेला येणारी सूज) होतोय, आधी सडात भरायच्या एका ट्यूबमध्ये बसायचा आता तीन-तीन इंजेक्शनं बदलून पण बसत नाही, वर दूध ओतून द्यावं लागतं ते वेगळंच. मेव्हण्याचा निफाडला पाच हजार पक्ष्यांचा ब्रॉयलरचा शेड आहे तिथेही औषधाचा खर्च वाढत चाललाय. आणि घरी आईंना वर्षात चार वेळा लघवीचं इन्फेक्शन झालं, शेवटच्या कल्चरनंतर (जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी) डॉक्टर म्हणाले गोळ्या लागू पडणार नाहीत, शिरेतूनच द्यावं लागेल. तर अँटिबायोटिकला दुसरा पर्याय काय, कोरफड चालेल का, हा तुमचा प्रश्न.

मी नाशिक जिल्ह्यात बावीस वर्षं जनावरांची प्रॅक्टिस करतोय, सिन्नर, निफाड, दिंडोरी हा माझा पट्टा. बायको माणसांची डॉक्टर आहे त्यामुळे आईंच्या बाबतीत जे लिहिलंय ते तिला विचारून लिहिलंय.

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एक बाटली असते, म्हणजे ही बाटली काढली की तिच्या जागी कुठली ठेवू. तशी बाटली नाहीये भाऊ. उपयोगी गोष्टी बऱ्याच आहेत, खाली सगळ्या सांगतो, पण ज्या गोठ्यांमध्ये अँटिबायोटिकचा खर्च निम्म्यावर आलेला मी डोळ्यांनी बघितलाय तिथे तो दुसऱ्या औषधाने आला नाही, गाई आजारी पडायच्याच कमी झाल्या म्हणून आला.

आणि औषध लागू का पडत नाही हे नाशिकच्या शेतकऱ्याला मी समजावून सांगायची गरजच नाही. तुमच्या भावकीत कोणाची तरी द्राक्षबाग असेलच, त्याला विचारा, डाऊनीवर (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) एकच औषध सीझनभर मारत राहिलं तर काय होतं. पहिल्या वर्षी कडक रिझल्ट, मग डोस वाढवा, मग दोन औषधं एकत्र करा, शेवटी नुसतं पाणी मारल्यासारखं. बुरशीतले जे मूठभर चिवट असतात तेवढेच मागे राहतात आणि त्यांचीच पिलावळ बागभर होते. कासेतल्या जंतूंचं अगदी तेच. सटाणा-देवळा-मालेगावकडे डाळिंबाच्या तेल्यावर (हा जंतूंमुळे होणारा रोग) स्ट्रेप्टोसायक्लिन किती वर्षं मारलं आपण, ते म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन, दोन्ही माणसांची औषधं, स्ट्रेप्टोमायसिन तर टीबीचं. केंद्र सरकारने शेतीतला त्याचा वापर थांबवायच्या आदेशाचा मसुदा २०२१ च्या शेवटी काढला तो याच कारणाने. माणूस, गाय, कोंबडी, डाळिंब, औषधं त्याच-त्याच घराण्यातली आणि जंतू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातात, शेणातून, पाण्यातून, हातातून, म्हणून तुम्ही गोठा, शेड आणि आई हे तिन्ही एकाच प्रश्नात विचारलंत ते बरोबरच विचारलंत.

आता गोठा. प्रॅक्टिस सुरू करून पाच-सहा वर्षं झाली असतील, एका तीसेक गाईंच्या गोठ्यावर मी सात महिने मस्टायटीसच्या मागे पळत होतो. एक अँटिबायोटिक झालं, दुसरं झालं, तिसरं महागडं झालं, दूध लॅबला पाठवायचं मात्र मला सुचलं नाही कारण घाई आणि कारण मालकाला आजच्या आज रिझल्ट हवा. दोन चांगल्या गाईंचे दोन-दोन सड कायमचे गेले. शेवटी एकदा पहाटे धारेच्या वेळी जाऊन नुसता बसलो आणि पाहिलं तर मशीनचे लायनर (सडावर चढवायच्या कपातलं रबर) आतून भेगाळलेले, बोटाला खरखरीत लागत होते, शेवटचे कधी बदलले कुणालाच आठवेना. सडाचं टोक त्याने सोलल्यासारखं झालं होतं. लायनर बदलले, व्हॅक्युम नीट लावून घेतला, डिपिंग (धारेनंतर सड औषधात बुडवणं) सुरू केलं, दोन महिन्यांत केसेस महिन्याला एखाद-दुसरीवर आल्या. त्या सात महिन्यांत मी दिलेलं बरंचसं औषध वाया होतं, आणि नुसतं वाया नाही, त्या गोठ्यातले चिवट जंतू मी स्वतः तयार केले होते. ही गोष्ट मला अजून टोचते म्हणून नव्या मुलांना मुद्दाम सांगतो.

तर तुमचं गणित करू. रबरी लायनर साधारण २५०० धारांनंतर बदलायचे असतात. तुमच्या बारा गाई, दोन वेळा, एकच क्लस्टर (चार कपांचा संच) असेल तर दिवसाला चोवीस धारा, म्हणजे साडेतीन महिन्यांत लायनर संपला. तुम्ही शेवटचे कधी बदललेत? रबर वरून चांगलं दिसतं म्हणून लोक वर्ष-वर्ष चालवतात. आणि हाताने धार काढत असाल तर अंगठा आत दुमडून ओढायची सवय बंद करा, पूर्ण मुठीने काढा, अंगठ्याने सड आतून दुखावतो.

धार झाल्यावर सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास उघडं राहतं. त्या वेळात गाय शेणात बसली की जंतू आत. म्हणून धार झाली की लगेच आयोडीनच्या डिपमध्ये चारही सड बुडवायचे, फवारायचे नाहीत, बुडवायचे, आणि समोर मुरघास किंवा हिरवा चारा टाकायचा म्हणजे गाय उभीच राहते. एवढी साधी गोष्ट आहे. कास धुवायला बादलीभर पाणी आणि एकच फडकं सगळ्या गाईंना फिरवत असाल तर ते आजच बंद, त्या फडक्यानेच एका गाईचा स्टॅफ (मस्टायटीसचा एक जंतू) दुसरीला जातो. प्रत्येक गाईला वेगळा कागद किंवा वेगळं धुतलेलं फडकं, आणि मस्टायटीसची गाय सगळ्यात शेवटी पिळायची.

पंधरा दिवसांतून एकदा सीएमटी (छुपा मस्टायटीस ओळखायची दुधाची चाचणी) करा, चार खणांची ट्रे आणि ते द्रावण, फार खर्च नाही. दूध चिकट-शेंबडासारखं झालं की त्या सडात आतल्या आत सुरू झालंय, बाहेरून दूध पांढरंशुभ्र दिसेल तरी. हा छुपा मस्टायटीसच खरा मोठा असतो, दिसणाऱ्या एका केसमागे न दिसणाऱ्या कितीतरी. आणि इथे अँटिबायोटिकची घाई करायचीच नाही.

आटवताना (विण्याआधी दूध बंद करताना) सगळ्या गाईंच्या चारही सडात सरसकट ट्यूब भरायची पद्धत आपल्याकडे पडलीय, मीही वर्षानुवर्षं तेच सांगत होतो. आता सांगत नाही. ज्या गाईला त्या वेतात मस्टायटीस झाला नाही आणि सीएमटी स्वच्छ आहे तिला अँटिबायोटिकशिवाय नुसता टीट सीलंट, म्हणजे बिस्मथची पेस्ट, सडाच्या तोंडाला बूच बसल्यासारखी बसते, भाकड काळात जंतू आत जात नाही. फक्त घालताना स्वच्छता म्हणजे स्वच्छता, स्पिरिटने टोक पुसूनच, नाहीतर घाण आत ढकलून वरून बूच लावल्यासारखं होतं आणि गाय जाते. पहिल्यांदा डॉक्टरकडूनच करून घ्या. ज्या गाईचा सड आधी बिघडलाय तिला मात्र ट्यूब द्यायचीच.

आता घरगुती औषध, कारण तुम्ही कोरफडीचं विचारलंय. एनडीडीबीने (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने) जो लेप सांगितलाय तो असा: २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम खायचा चुना, मिक्सरला फिरवायचं, हळद-चुना एकत्र आला की कुंकवासारखा लाल होतो तसा तो लाल होणारच, घाबरू नका. मूठभर लेप पाण्यात पातळ करायचा, कास धुवून, दूध पूर्ण काढून, सगळ्या कासेला लावायचा, दिवसातून दहा वेळा, पाच दिवस, आणि सोबत रोज दोन लिंबं कापून खायला, ती तीन दिवस. मी हा शंभरच्या वर गाईंवर वापरलाय. सूज नुकती आलेली, दुधात थोड्या गुठळ्या, गाय खातेय, ताप नाही, अशा केसमध्ये चांगला गुण येतो, छुप्या मस्टायटीसमध्येही. पण लोक दिवसातून दहा वेळाच्या जागी दोन वेळा लावतात आणि म्हणतात उपयोग नाही. दिवसभर घरी कोणी नसेल तर सुरूच करू नका.

आणि हे लक्षात ठेवा, गाय मलूल आहे, कान थंड, ताप १०४ च्या वर किंवा उलट अंग गार पडलंय, दूध पिवळं पाण्यासारखं, गाय बसली ती उठत नाही, तिथे लेप लावत बसायचं नाही. तो जंतूच्या विषाचा प्रकार असतो, काही तासांत गाय जाते, तिथे सलाईन, सूज-दुखण्याचं औषध आणि डॉक्टरला गरज वाटली तर अँटिबायोटिक, सगळं ताबडतोब. दुखण्याला मेलॉक्सिकॅमच मागा, जनावरांसाठी डायक्लोफिनॅक २००६ पासून बंद आहे, गिधाडं त्यानेच संपली. अँटिबायोटिक वाचवायचं म्हणजे आजारी जनावर तडफडत ठेवायचं असा अर्थ कोणी काढू नये, मला त्याचा फार राग येतो.

मधल्या केसेस, म्हणजे सूज आहे पण गाय ठीक आहे, तिथे एक दिवस थांबून कल्चर करता येतं. किती तरी नमुन्यांत काही उगवतच नाही, म्हणजे गाईने जंतू आधीच मारलाय, नुसती सूज उरलीय. ई-कोलायचे सौम्य केस पण बरेचसे आपोआप बसतात. तेवढी इंजेक्शनं वाचली. लम्पीच्या वेळेला २०२२ मध्ये आपण काय केलं आठवा, व्हायरसवर अँटिबायोटिक काही करत नाही हे माहीत असून गोठेच्या गोठे इंजेक्शनं टोचली. जखमा चिघळल्या होत्या तिथे गरज होती, बाकी सगळीकडे नव्हती. खरं काम लसीने केलं, शेळ्यांच्या देवीची लस. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, ब्रुसेला (ही फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना), या लसी वेळेवर हाच अँटिबायोटिकचा पहिला पर्याय. आणि वासराला पहिल्या दोन तासांत पोटभर चीक. चीक चुकला की हगवण, हगवण आली की इंजेक्शन, साखळीच आहे ती. हगवणीत वासरू मरतं ते बहुतेक पाणी कमी झाल्याने, म्हणून आधी ओआरएस पाजा.

लसीने किती फरक पडतो याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण आपल्यापासून फार लांबचं आहे, नॉर्वेच्या सामन माशांचं. १९८७ ला तिथल्या मत्स्यशेतीत जवळपास ५० टन अँटिबायोटिक एका वर्षात गेलं. मग माशाला टोचायच्या चांगल्या लसी आल्या, पाळण्याच्या जागा बदलल्या, आज उत्पादन कितीतरी पटीने जास्त आणि अँटिबायोटिक वर्षाला एक टनाच्या आत. मासे आजारी पडेनात, विषय संपला.

उलटं उदाहरण पण सांगतो, नाहीतर पर्याय म्हटलं की चांगलाच असं वाटतं. युरोपात डुकरांच्या पिल्लांना हगवणीसाठी अँटिबायोटिकऐवजी झिंक ऑक्साईड मोठ्या डोसमध्ये द्यायला लागले, हगवण थांबायची. पण झिंक जमिनीत साठायला लागलं, आणि झिंकला दाद न देणारे जंतू अँटिबायोटिकलाही दाद देईनात कारण दोन्ही गुण एकत्रच पुढे जातात. २०२२ मध्ये तेही बंद केलं.

फेजबद्दल खूप जण विचारतात, व्हिडिओ फिरतायत ना. बॅक्टेरियोफेज म्हणजे जंतूंना खाणारा विषाणू, माणसाला-गाईला काही करत नाही, ठरावीक जंतूत घुसतो, आतच शेकडो होतो आणि जंतू फोडून बाहेर पडतो. याचा पहिला माग आपल्याच देशात लागला, १८९६ मध्ये आग्र्याला काम करणाऱ्या हॅन्किनने लिहून ठेवलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात. पुढे १९१७ मध्ये फेलिक्स द'हेरेलने फेज हे नाव दिलं, आणि १९२७ मध्ये तो पंजाबात येऊन कॉलऱ्यावर ते वापरून गेला. जॉर्जियातल्या तिबिलिसीला १९२३ पासून एलियावा संस्था हेच करतेय. मग पेनिसिलीन आलं आणि बाकीचं जग फेज विसरलं. २०१६ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला टॉम पॅटरसन नावाचे प्राध्यापक सगळी औषधं संपल्यावर, कोमात असताना, फेजमुळे वाचले आणि परत लोकांचं लक्ष गेलं. आपल्याकडचीही काही माणसं तिबिलिसीला जाऊन उपचार घेऊन आलीयत.

मला यातून खूप आशा आहे, मनापासून. पण अडचण समजून घ्या. एक फेज एकाच जातीच्या, कधी कधी एकाच वाणाच्या जंतूवर चालतो, म्हणजे तुमच्या गाईच्या जंतूचा फेज शेजारच्या गाईला लागू पडेलच असं नाही, प्रत्येक वेळी जुळवावा लागतो, आणि जंतू फेजलाही दाद देईनासा होऊ शकतो. सध्या आपल्या मेडिकलमध्ये जाऊन घ्यावी अशी ही गोष्ट नाही. आणि नदीच्या पाण्यात फेज असतात म्हणून रामकुंडाचं पाणी जखमेवर घाला असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. फेज तिथेच जास्त जिथे त्यांचं खाणं म्हणजे जंतू जास्त. गोदावरीबद्दल माझी श्रद्धा तुमच्याइतकीच आहे, पण जखम उकळलेल्या पाण्यानेच धुवा.

मेव्हण्याच्या शेडकडे येऊ. कोंबड्यांना खाद्यातून थोडं-थोडं अँटिबायोटिक वजन वाढावं म्हणून द्यायची पद्धत युरोपात २००६ पासून बंद आहे, तिथला पोल्ट्रीधंदा काही बुडाला नाही. आपल्याकडे कोलिस्टिन २०१९ मध्ये जनावरांसाठी बंद झालं. ते माणसाचं शेवटचं औषध, जेव्हा काहीच चालत नाही तेव्हाचं, आणि आपण ते पिल्लांच्या पाण्यात टाकत होतो. २०१५ मध्ये चीनमध्ये सापडलं की कोलिस्टिनला दाद न देणारा गुण एका जंतूतून दुसऱ्यात सहज जातो. मेव्हण्याकडे जुनी पाकिटं पडली असतील तर वापरू नका म्हणावं.

त्याच्या जागी काय, तर सगळ्यात जुनी आणि पक्की गोष्ट नुर्मीची. १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी दाखवलं की निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू एक दिवसाच्या पिल्लाला दिले तर साल्मोनेला बसायला जागाच उरत नाही. एसटीत आधीच सीटवर लोक बसलेले असले की नंतर चढणारा उभाच राहतो, तसं. हॅचरीचं पिल्लू आईच्या संगतीत वाढत नाही म्हणून त्याचं आतडं रिकामं असतं. आजचे प्रोबायोटिक त्याच विचारातून आलेत, पण ते पहिल्या दिवसापासून द्यायचे, मर सुरू झाल्यावर देऊन फायदा नाही, आणि पाण्यातून देताना त्या वेळेपुरतं क्लोरीन बंद ठेवायचं. मी किती तरी शेडमध्ये पाहिलंय, एकीकडे महागडं प्रोबायोटिक आणि त्याच टाकीत ब्लिचिंग, सगळे चांगले जंतू टाकीतच मेलेले. लसीचंही तेच, पाण्यातून लस देताना क्लोरीन नको, लिटरला अडीच ग्रॅम दूध पावडर टाका.

ऑरगॅनिक ॲसिड, ओव्याच्या-ओरेगॅनोच्या तेलाचे अर्क हेही बरे आहेत, ओव्यातला थायमॉल जंतूंवर काम करतोच, पण फरक थोडा पडतो आणि शेड चांगला असेल तरच दिसतो. निफाडचा खरा प्रश्न वेगळा आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथे महाराष्ट्रातली सगळ्यात कडाक्याची थंडी, बागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात, आणि पोल्ट्रीवाला काय करतो तर पडदे घट्ट लावून घेतो. तूस ओलं, अमोनिया कोंडतो, पक्ष्याच्या श्वासनळीचं अस्तर खराब होतं, मग सीआरडी (कोंबड्यांचा श्वासाचा जुनाट आजार), मग घरघर, मग एन्रो (एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक). मेव्हण्याला सांगा, पहाटे शेडमध्ये शिरल्यावर डोळे चुरचुरले तर औषधाच्या दुकानात नंतर जा, आधी वरचा पडदा वीतभर खाली घे, ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी शेगडी) वाढव आणि ओलं तूस काढून टाक. हवा आणि ऊब दोन्ही एकदम लागतात, गॅस वाचवायला हवा बंद केली की औषधात त्याच्या दुप्पट जातात.

आईंचं सांगतो, पण निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पाळी गेलेल्या बाईंना सारखं लघवीचं इन्फेक्शन होतं त्यामागे बऱ्याच वेळा त्या जागेचा कोरडेपणा असतो, त्यावर इस्ट्रोजेनची लावायची क्रीम असते, तिने पुढची इन्फेक्शनं खरंच कमी होतात. आपल्या बायका डॉक्टरला हे सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत, मुलाने विचारायला संकोच वाटत असेल तर बायकोला सोबत पाठवा. दुसरं, मिथेनामाइन नावाची जुनी गोळी आहे, लघवीत गेल्यावर तिचं फॉर्मल्डिहाइड होतं आणि जंतू मरतात, २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या २४० बायकांच्या अभ्यासात दिसलं की इन्फेक्शन परत होऊ नये म्हणून रोज छोट्या डोसमध्ये अँटिबायोटिक देतात त्याच्यापेक्षा ती काही कमी पडत नाही. किडनी अधू असेल तर नाही चालत. तिसरं पाणी. शेतावर जाणाऱ्या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत कारण जायला जागा नसते, हे माझ्या बायकोला ओपीडीत रोज ऐकायला मिळतं. शेतावर एक संडास बांधून द्या भाऊ.

आणि आईंना जळजळ नाही, ताप नाही, फक्त रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून गोळ्या सुरू करू देऊ नका, वयस्कर बायकांच्या लघवीत जंतू असतात, सगळ्यांनाच औषध लागत नाही. त्रास आहे, थंडी वाजून ताप आहे, कंबरेत कळ आहे, तर मात्र शिरेतून सांगितलंय तर शिरेतूनच आणि सांगितलेले सगळे दिवस.

आता तुम्ही उद्या सकाळी करायचं काम. सध्या ज्या दोन गाई बिघडल्यात त्यांना नवीन इंजेक्शन द्यायच्या आधी नमुना घ्या, आधी औषध दिलं की कल्चरमध्ये काही उगवत नाही. हात धुवा, सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या, मग निर्जंतुक बाटली आडवी धरून त्यात थोडं दूध, झाकण खाली ठेवायचं नाही, हातातच धरायचं. बाटलीवर गाईचा नंबर आणि कुठला सड ते लिहा. बर्फात ठेवून त्याच दिवशी जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या आणि कल्चर-सेन्सिटिव्हिटी (जंतू कुठला आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं) दोन्ही मागा. रिपोर्ट आला की फोटो टाका, लायनर शेवटचे कधी बदलले ती तारीख पण टाका, मग पुढचं बघू.